‘जमातमित्र’चं दफन

“मामा, हे तू छापणार आहेस?”

एलोजीमामा टेबलाखाली वाकून चप्पल शोधत होता. तो तिथूनच म्हणाला, “छापणार तर. मोठ्या टायपात.”

माझ्या हातात ‘जमातमित्र’च्या नव्या अंकाची प्रुफं होती. प्रुफं तपासायचं काम माझ्याकडे होतं. दिवसभर शाळेत पोरांच्या पाट्या तपासायच्या आणि संध्याकाळी मामाची प्रुफं, त्यामुळे चूक दिसली की माझा हात आपोआप चालायचा. त्या संध्याकाळी मी सातव्या पानावरची ‘भगिनींनी’ची वेलांटी आधी दुरुस्त केली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मजकूर माझ्याबद्दल आहे.

“जाहीर सूचना. कुमारी मिल्का झिराडकर हिच्या आईच्या आईचे मूळ अज्ञात असल्याकारणाने सदर मुलीचा विवाह येथील प्रार्थनामंदिरात लावण्यास, अगर अन्यत्र लावण्यासाठी दाखला देण्यास जमात असमर्थ आहे. समस्त बंधुभगिनींनी नोंद घ्यावी. एझिकेल पुगावकर, मुकादम, खारदिवे.”

“माझी अब्रू वेशीवर टांगायला मुकादम पुरेसे होते,” मी म्हणाले. “तू त्यांना खिळे कशाला पुरवतोस?”

“ते देतात, मी छापतो. मासिक जमातीचं आहे.”

“आणि मी कुणाची आहे?”

मामाला चप्पल सापडली. ती पायात घालून तो खुर्चीवर बसला आणि माझ्याकडे बघायचं टाळत त्यानं चष्मा पुसायला घेतला. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, कारण ज्या अज्ञात मुळाबद्दल ती सूचना होती, ती बाई मामाची सख्खी आई होती.

आमचे आजोबा पलटणीत हवालदार होते. महूच्या छावणीतून परतले ते बायको घेऊनच. लोकांनी विचारलं, ही कुठची? आजोबा म्हणाले, घरची. त्यांनी तेवढ्यावर विषय संपवला, गावानं मात्र संपवला नाही. आजीनं जन्मभर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवली नाही, उपासाच्या सणाला पाण्याचा थेंब घेतला नाही, तरी आमच्या घराला ‘काळे इस्रायल’, म्हणजे बाहेरचं रक्त मिसळलेले, हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याचा रंगाशी काही संबंध नव्हता. जमातीचे प्रमुख असलेले मुकादम माझ्यापेक्षा दोन छटा सावळेच होते. पण कुणाच्या घरी नवसाचा मलिदा असला की ताट आमच्यापर्यंत सगळ्यांत शेवटी यायचं. तोवर त्यातली केळी आणि खजूर कुणाच्या ना कुणाच्या पदराआड गेलेले असायचे आणि आमच्या वाट्याला गुळाचे पोहे उरायचे.

माझ्या आईचं लग्न परसात मांडव घालून लागलं होतं. सिनेगॉगवरून जाताना ती पदर सावरून भराभर चालायची, जणू आतून कुणी हाक मारून हटकेल. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. वडील आधीच गेले होते. मरताना आईनं मामाला एवढंच सांगितलं, “मिल्कीचं लगीन मशिदीत लाव.” आता ठाण्याचा नाथान सांगून आला होता. टेलिफोन खात्यात होता. मला तो पसंत होता आणि त्यालाही मी, हे त्या काळी जुळून येणं सोपं नव्हतं. त्याच्या आईचं म्हणणं एकच होतं. नव्याच्या सणाआधी, म्हणजे नवीन वर्ष लागायच्या आत, गावच्या मुकादमांचा दाखला आणा, नाहीतर आम्हाला मोकळं करा. दाखल्याशिवाय कुठल्याच गावचा हझान लग्न लावायला उभा राहत नसे. म्हणजे त्या सात ओळी छापल्या गेल्या की माझं लग्न मोडलं.

“मिल्के,” मामा म्हणाला, “समोरचं पान वाच.”

समोर, सहाव्या पानावर, मुकादमांचंच पत्र होतं. त्या वर्षी इस्रायलमधल्या मोठ्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, काढलेल्या फर्मानावरून आमच्या सगळ्या समाजात आग लागली होती. हिंदुस्थानातून आलेल्या बेने इस्रायलांची, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंची, लग्नं लावण्याआधी त्यांच्या आजी-पणजींची चौकशी करा, असा त्याचा अर्थ होता. गावोगाव निषेधाच्या सभा चालल्या होत्या. आमच्या गावची सभा मुकादमांनी गाजवली आणि मग रब्बींना एक खरमरीत पत्र धाडलं.

“आमच्या आजींची नावे व मुळे विचारण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?” मुकादमांनी लिहिलं होतं. “गलबत फुटून आमचे जे पूर्वज नुसत्या जिवानिशी या किनाऱ्यास लागले त्यांनी वंशावळीच्या वह्या कोठून आणाव्यात? आमचा शब्बाथ हीच आमची वंशावळ होय.”

“चांगलं लिहिलंय,” मी नाइलाजानं म्हणाले.

“मुकादम चांगलंच लिहितात. डाव्या पानावर तर फारच चांगलं.” मामानं चष्मा नाकावर चढवला. “दोन्ही पानांत माझा एक शब्द नाही. खाली सही दोन्हीकडे त्यांचीच.”

मी दोन्ही पानं पुन्हा वाचली. मग मामाकडे बघितलं. “हे ते पास करतील?”

“बघू या.”

आता मामासारखा काळा इस्रायल जमातीच्या मासिकाचा संपादक कसा झाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर सोपं आहे. मलिद्याच्या ताटाला आजी लागते; लिहायला आणि अलिबागच्या छापखान्यात खेपा घालायला कुणाचीही आजी चालते. दोन वर्षांपूर्वी मामानं एक लेख लिहिला होता. सिनेगॉगात मुकादमांच्या खुर्चीवर मखमली गादी आणि म्हाताऱ्यांच्या बाकाला वर आलेले खिळे, हे कसं काय, असा. मुकादमांनी सगळेच्या सगळे अंक उचलून घरी नेले आणि न्हाणीघरातल्या बंबात घातले. त्या आठवड्यात त्यांना रोज कढत पाण्यानं आंघोळ मिळाली, असं गावात म्हणत. तेव्हापासून प्रुफं त्यांना दाखवल्याशिवाय अंक निघत नसे.

मामानंही मग पद्धत बदलली. मुकादमांविरुद्ध अक्षर लिहायचं नाही. त्यांचंच बोलणं छापायचं, काहीही न गाळता. एकदा मुकादमांनी ‘मितभाषण’ या विषयावर सभेत प्रवचन दिलं. मामानं ते शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं आणि अख्खा अंक त्याला दिला. मुकादम खूश झाले. लोकांनी तो अंक जपून ठेवला, पाहुणे आले की वाचून दाखवायला.

एका बाबतीत मात्र मामा कुणाची गंमत करत नसे. देवाचं नाव, चार हिब्रू अक्षरांचं, तो मासिकात कधी येऊ देत नसे. ते नाव ज्या कागदावर असेल तो कागद आम्ही फाडत नाही, जाळत नाही, टाकत नाही. माणसासारखा कबरस्तानात नेऊन पुरतो. आणि ‘जमातमित्र’च्या रद्दीत तर वाणी हिंगाच्या पुड्या बांधायचा. म्हणून मामा ‘परमेश्वर’ मराठीतच लिहायचा.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं मामाबरोबर मुकादमांकडे गेले. मला समोर बघून त्यांना थोडी तरी लाज वाटेल अशी माझी समजूत होती. ओटीवर ते आरामखुर्चीत बसले होते. त्यांची बायको, सिपोरामावशी, खाली बसून वाल सोलत होती. ही बाई कुणाशी दोन वाक्यांच्या वर बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. आम्हाला बघून तिनं मान हलवली आणि वाल सोलत राहिली.

मुकादमांनी डावं पान ओठ हलवत वाचलं. “कोणी दिला” या शब्दांवर त्यांचा आवाज फुटलाच. मग उजवं पान वाचलं. “‘असल्याकारणाने’ बरोबर आहे ना?”

“मिल्कीनं तपासलंय,” मामा म्हणाला.

“मग ठीक.” ते माझ्याकडे वळले. “मनाला लावून घेऊ नकोस पोरी. नियम म्हणजे नियम. मी केलेला नाही.”

“मग कुणी केलाय, काका?”

“तो आहेच.” त्यांनी पुन्हा प्रुफात डोकं घातलं. “मधे ही रिकामी चौकट कसली?”

“तुमच्या फोटोची,” मामा म्हणाला. “दोन्ही पानांच्या मधोमध. फोटोचा ब्लॉक मुंबईहून करून आणायचाय.”

गेल्या दोन वर्षांत मामानं त्यांचा फोटो मागितला नव्हता. मुकादमांनी चौकटीकडे प्रेमानं पाहिलं. “जरा मोठी करा,” असं म्हणून त्यांनी प्रुफावर सही ठोकली. दोन्ही मजकूर त्यांनी अगदी नीट वाचले होते. प्रत्येक पानावर ते बरोबरच होते. दोन पानं एकाच माणसानं एकापाठोपाठ वाचायची असतात, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“फोटो दे गो त्यांना,” ते बायकोला म्हणाले.

सिपोरामावशी पदराला हात पुसत आत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लिफाफा होता, चिकटवलेला.

“कुठला देतेस?” मुकादमांनी विचारलं.

“तुम्ही उभे आहात तो,” ती म्हणाली, आणि पुन्हा वाल सोलायला बसली.

मामानं तो लिफाफा तसाच ब्लॉकवाल्याकडे पाठवला.

शुक्रवारी दुपारच्या एस.टी.नं अंकाचे गठ्ठे आले. नेहमीप्रमाणे ते सिनेगॉगच्या अंगणात उतरवले गेले. तिथं सावलीला बसलेल्या एका पेन्शनरानं एक अंक ओढून घेतला, मधलं पान उघडलं आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेवढ्यात मुकादम आले.

“मुकादम, मानलं तुम्हाला,” पेन्शनर डोळे पुसत म्हणाले. “रब्बींना सवालही तुम्हीच टाकलात आणि त्यांच्या वतीनं जवाबही तुम्हीच दिलात.”

मुकादमांनी अंक हातात घेतला. डावं पान, मग उजवं, मग पुन्हा डावं. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला पेन्शनरांनीच नंतर सांगितलं, आणि दर वेळी वाढवून सांगितलं. एवढं खरं की त्यांनी सगळे गठ्ठे मागच्या खोलीत टाकून कुलूप लावलं आणि निरोप धाडला: रविवारी सकाळी अंगणात अंक जाळले जातील, आणि काडी संपादकानं स्वतः लावायची. शुक्रवारी संध्याकाळपासून शब्बाथ. शब्बाथला विस्तव पेटवता येत नाही, म्हणून अंकाला एक दिवसाचं आयुष्य मिळालं.

त्या एका दिवसात गावातल्या प्रत्येक घरी ‘जमातमित्र’ची चौकशी झाली. जी घरं वर्गणी मागायला गेलं की दार लावून घ्यायची, त्यांनीही अंक मिळेल का म्हणून विचारलं. मामाला जेवण गेलं नाही. “आता तुझा दाखला मुकादम मेले तरी देणार नाहीत,” तो मला म्हणाला. “माझी अक्कल जास्त झाली. मला वाटलं होतं, लोक आधी वाचतील.” मला आई आठवत होती, तिचं ते भराभर चालणं.

रविवारी अंगणात अख्खी जमात जमली. मधे अंकांचा ढीग, बाजूला रॉकेलचा डबा. मुकादम पायरीवर उभे होते, त्यांच्या मागे सिपोरामावशी. मुकादमांनी मामाच्या हातात आगपेटी दिली.

“जरा थांबा,” रूबेन हझान म्हणाले. रूबेन हझान म्हणजे आमच्याकडचे प्रार्थना सांगणारे म्हातारे. मुकादमांच्याच आवारातल्या खोलीत राहायचे आणि त्यांच्यापुढे सहसा तोंड उघडायचे नाहीत. “महिन्यात कोण कोण गेलं तेवढं बघून घेतो. नावं घ्यावी लागतात.”

निधनवार्ता शेवटच्या पानावर असायची. पण त्यांच्या हातात अंक मधेच उघडला. त्यांनी तो नाकाजवळ नेला. मग बोटं फोटोला लावली, ती बोटं ओठांना लावली आणि डोळे मिटले. दारावरच्या मेझुझाला, म्हणजे पवित्र वचनं ठेवलेल्या नळीला, हात लावून आम्ही तसंच करतो.

मुकादमांचा चेहरा उजळला. “बघा,” ते जमलेल्यांना म्हणाले. “हझानांना तरी माणसाची किंमत आहे.”

“मुकादम,” हझान म्हणाले, “हे जाळता यायचं नाही.”

“का?”

“तुमच्या डोक्यावर देव आहे.”

“तो सगळ्यांच्याच डोक्यावर असतो.”

“तसा नव्हे. छापलेला आहे.”

सगळे पुढे सरकले. फोटोत मुकादम हेखालापुढे उभे होते. हेखाल म्हणजे तोराच्या, आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं कपाट. त्याच्यावर संगमरवरी पाटी आहे आणि पाटीवर देवाचं नाव, चारही अक्षरं, ठळक. ब्लॉकवाल्यानं काम चोख केलं होतं. मुकादमांच्या मिशा थोड्या पुसट आल्या होत्या, अक्षरं मात्र लख्ख.

मामाच्या हातातली आगपेटी खाली पडली. “मी हिब्रू छापत नाही,” तो पुटपुटला. “मिल्के, तुला ठाऊक आहे ना, मी कधी छापत नाही.” तो खरंच पांढराफटक पडला होता. माझा मात्र त्याच्यावर विश्वास बसला नाही. मला वाटलं, मामा, धन्य आहे तुझी.

“मग तेवढा तुकडा कापून काढा,” मुकादम म्हणाले. “बाकीचं जाळा.”

“पाटी तुमच्या टोपीला टेकलीय,” हझान म्हणाले. “ती कापून पुरायची तर तुम्ही कपाळापर्यंत पुरले जाल आणि खालचे जळाल.”

“मग अख्खा फोटो कापा.”

“अख्खे पुरले जाल. जितके अंक तितके वेळा.” हझानांनी हे अगदी गंभीरपणानं सांगितलं. “शिवाय नाव ज्या कागदावर उमटलं तो कागद सगळाच नावाचा. कात्री लावायचीच असेल तर तुम्ही लावा, मी बघत उभा राहतो.”

कात्री आणायला कुणी हललं नाही. दोन-तीन जणांनी तोंड फिरवून रुमाल लावला. मुकादमांनी आजूबाजूला बघितलं. ते गर्विष्ठ होते, पण देवाला भिणारे होते, आणि त्यांची ही भीती खरी होती हे मला आजही कबूल करावं लागतं.

“पुरा,” ते म्हणाले. “गठ्ठे बांधून गाडीत घाला आणि मुकाट्यानं पुरून या.”

“नावाला काथ्यानं बांधायचं?” हझान म्हणाले. त्यांना एकदा आवाज सापडल्यावर तो बंद होईना. “पोथ्या पुरतो तेव्हा प्रत्येक जण आपल्या हातानं एकेक नेतो. त्याचं पुण्य असतं. पुढे मुकादमांनी चालायचं असतं.”

अशी आमच्या मासिकाची अंत्ययात्रा निघाली. सगळ्यांत पुढे मुकादम, मागे हझान, आणि त्यांच्यामागे अख्खी जमात, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत छातीशी धरलेला अंक. आता हातात उघडा कागद असला, त्यावर अक्षरं असली आणि कबरस्तान गावाबाहेर असलं, तर माणूस काय करणार? लोक वाचत चालले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारचे वाचून दाखवत होते. डावं पान संपलं की उजवं, आणि मग मागून दबलेल्या हसण्याची एकेक लाट पुढे येत होती. मुकादमांना मागे वळता येत नव्हतं.

बाजारात हॉटेलवाल्यानं गल्ल्यावरून उठून टोपी काढली. पोस्टमन सायकलवरून उतरला आणि त्यानं मामाला हळूच विचारलं, “कोण गेलं?”

“अंक,” मामा म्हणाला.

“लहानच होता का?”

“बारा पानांचा.”

पोस्टमननं हळहळून मान हलवली आणि तो कोपऱ्यापर्यंत आमच्याबरोबर चालत आला.

कबरस्तानात पुढे पाठवलेल्या पोरांनी खड्डा खणून ठेवला होता. एकेक जण पुढे येऊन वाकून अंक ठेवत होता. माझ्या हातातला ठेवताना मला वाटलं, आपण आपलं लग्नच पुरतोय. सगळं गाव वाचून झालं, सगळे हसून झाले, उद्यापासून सगळे पुन्हा गप्प. मुकादमांचं काय बिघडलं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

शेवटचा अंक सिपोरामावशीच्या हातात होता. ती खड्ड्याशी आली आणि थांबली.

“हझान,” तिनं विचारलं, “पुरायच्या आधी त्यातलं थोडं मोठ्यानं वाचतात ना?”

हझानांनी तिच्याकडे पाहिलं. “वाचतात,” ते म्हणाले.

असा रिवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि त्यानंतरही नाही.

“माझा चष्मा घरी राहिला.” तिनं अंक नवऱ्यापुढे धरला. “तुम्हीच वाचा. तुमचंच आहे.”

सगळी जमात बघत होती. मुकादमांनी अंक घेतला, घसा साफ केला आणि डावं पान सुरू केलं. आधी आवाज चाचरत होता. पण ते त्यांचे लाडके शब्द होते आणि ते चांगले शब्द होते. “अधिकार आपणांस कोणी दिला” इथं आले तोवर ते छाती काढून, एक हात वर करून वाचत होते. “आमचा शब्बाथ हीच आमची वंशावळ होय,” हे वाक्य समुद्रापर्यंत गेलं असेल. दोघातिघांनी “वाहवा” सुद्धा म्हटलं.

“आता पलीकडचं,” सिपोरामावशी म्हणाली.

“जाहीर सूचना,” त्यांनी वाचलं. “कुमारी मिल्का झिराडकर हिच्या आईच्या आईचे...” तिथं ते थांबले. अंक त्यांच्या हातात होता, मी त्यांच्यासमोर उभी होते, आणि आता कुणीच हसत नव्हतं.

“तुमच्या आईच्या आईचं माहेर कुठलं हो?” सिपोरामावशीनं विचारलं. अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं असं विचारावं तसं.

मुकादमांनी हातातल्या अंकाकडे पाहिलं.

“नाव तरी?”

“आम्ही मोठीआई म्हणायचो,” ते म्हणाले.

“मला माझीचंही ठाऊक नाही. मीही मोठीआईच म्हणायचे.” ती बायकांकडे वळली. “तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे गो?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, पेणकडची असावी. दुसरी म्हणाली, तुझी नव्हे, माझी पेणकडची. पेन्शनर म्हणाले की त्यांच्या आजीला सगळे ‘ए’ म्हणूनच हाक मारायचे. मुकादम खाली मान घालून उभे होते. शेवटी त्यांनी अंकाची घडी घातली, वाकून तो खड्ड्यात ठेवला, त्यावर तीन मुठी माती टाकली आणि हात झटकले. मग कुणाकडेही न बघता ते हझानांवर ओरडले.

“हेखालाचे दिवे किती काळे पडलेत बघितलंत का? मंगळवारी लग्न आहे आणि कुणाला त्याचं काही नाही. आजच घासायला घ्या.”

“कुठल्या मंगळवारी?” हझानांनी विचारलं.

“ते मुलीच्या मामाला विचारा,” मुकादम म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले. मामा तिथंच एका कबरीच्या कठड्यावर बसला आणि मोठ्यानं रडला.

दाखला दुसऱ्या दिवशी आला. नव्याच्या सणाआधीच्या मंगळवारी माझं लग्न लागलं, सिनेगॉगात, त्याच पाटीपुढे. गावानं सगळं श्रेय मामाला दिलं. असा डोकेबाज संपादक मुंबईतही नसेल, असं जो तो म्हणायचा. मामानं ते नाकारलं नाही, संपादकच होता. मीही तेच समजून होते, फक्त लग्नाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत.

त्या संध्याकाळी मेंदीला सिपोरामावशी न बोलावता आली. आमच्या घराचा उंबरा ती पहिल्यांदाच ओलांडत होती. तिनं मलिद्याचं ताट सगळ्यांच्या आधी माझ्यापुढे सरकवलं, मग मेंदीची वाटी घेऊन माझ्याजवळ बसली आणि माझ्या बोटाला मेंदी लावायला लागली.

“फोटो बरा आला होता, नाही गो?” ती हळू आवाजात म्हणाली.

“छानच आला होता, मावशी.”

“घरात तीन होते. दोन स्टुडिओतले, फुलांच्या कुंडीपाशी उभे राहून काढलेले. त्यांत ते जास्त देखणे दिसतात.”

“मग हा का दिलात?”

तिनं माझ्या बोटाभोवती पान गुंडाळलं, दोरा बांधला आणि गाठ घट्ट बसली की नाही ते पाहिलं.

“दोन वर्षांपूर्वी अंक जाळले तेव्हा बंब मीच पेटवला होता,” ती म्हणाली. “कुंडी काय, लगेच जळली असती.”